सेंद्रिय म्हणायचं, तर वही हवी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, काकू, मावश्या, आणि भाकरी खाता खाता कान देऊन ऐकणारे दादा, सगळ्यांना राम राम.

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या दोघी जणी नारायणगावच्या बाजारात मेथी, शेपू आणि गावरान वांगी घेऊन बसल्या होत्या. पुण्याहून आलेलं एक कुटुंब थांबलं. त्यातल्या बाईंनी मेथीची जुडी हातात घेऊन विचारलं, "सेंद्रिय आहे का?" आमची ताई म्हणाली, "हो, औषध मारलेलं नाही." त्या बाईंनी पुढचा प्रश्न केला, "कशावरून?"

ताईकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. संध्याकाळी बैठकीत ती जरा रागातच म्हणाली, "आम्ही काय खोटं बोलतो का?" खोटं ती बोलत नव्हतीच. पण ज्यांनी आपल्याला कधी पाहिलं नाही, आपलं वावर पाहिलं नाही, त्यांनी नुसत्या शब्दावर विश्वास तरी कसा ठेवायचा? त्यांचंही चुकलं नव्हतं. आजचं आमचं बोलणं या 'कशावरून'बद्दल आहे. सेंद्रिय शेती म्हणजे नेमकं काय, तिचं प्रमाणपत्र कसं मिळतं, आणि बचत गट चालवणाऱ्या बायांना हे काम का जमण्यासारखं आहे, ते आज सांगतो.

नुसतं 'न घालणं' पुरत नाही

युरिया घातला नाही, औषध मारलं नाही, म्हणजे शेती सेंद्रिय झाली, असं आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. रासायनिक खत, रासायनिक कीटकनाशक, तणनाशक, वाढीची संप्रेरकं, जनुक बदललेलं बियाणं हे सगळं बंद, एवढा झाला पहिला भाग. दुसरा भाग असा, की त्यांच्या जागी जमिनीला काय देणार, कीड कशी आवरणार, याची तजवीज आधी करायची. एकदम सगळं बंद केलं आणि जागी काहीच दिलं नाही, तर पीक पिवळं पडतं. मग मालक म्हणतात, "बघ, सांगत होतो ना!" आणि गोष्ट तिथेच संपते.

म्हणून सुरुवात मातीपासून करायची. आधी माती तपासून घ्या. एका वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना काढायचा. खताचा ढीग, बांध, झाडाखालची जागा टाळायची. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा तालुका कृषी कार्यालयाकडे चौकशी केली, की नमुना कुठे द्यायचा ते सांगतात.

मातीला खाऊ घालायचे तीन-चार मार्ग आपल्याला माहीत आहेतच. शेणखत उकिरड्यावर उघडं टाकून उन्हापावसात त्याचा जीव घालवायचा नाही, थर देऊन कुजवायचं. काडीकचरा, शेण, माती असे थर देऊन आणि वेळोवेळी खालीवर करून कंपोस्ट करण्याची पद्धत अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी इंदूरला बसवली. म्हणून तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. त्यांनी ती आपल्याच देशातल्या शेतकऱ्यांच्या कामावरून शिकत शिकत बसवली होती. दुसरं गांडूळ खत. सावली, ओल आणि अर्धवट कुजलेला पाला एवढं सांभाळलं, तर दीड-दोन महिन्यांत तयार होतं. तिसरं हिरवळीचं खत. ताग किंवा धैंचा पेरायचा आणि फुलावर येताना, म्हणजे साधारण दीड महिन्याने, जमिनीत गाडायचा.

चौथं जीवामृत. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर यांनी ते गावोगाव पोहोचवलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका एकरासाठी दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, एक-दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. एक लक्षात ठेवा, जीवामृत हे दह्याच्या विरजणासारखं आहे. विरजण लावायला आधी दूध लागतं. जमिनीत शेणखत, पालापाचोळा काहीच नसेल, तर नुसत्या जीवामृतावर टोमॅटो पोसणार नाही.

बियाणं, कीड आणि शेजारचं वावर

दुकानातल्या पाकिटातलं बियाणं कधी गुलाबी, कधी निळं असतं. तो औषधाचा लेप असतो. सेंद्रिय शेतीत असं बियाणं चालत नाही. सेंद्रिय बियाणं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर निदान लेप न दिलेलं घ्यायचं. रोपवाटिकेतून टोमॅटोची किंवा कांद्याची रोपं घेत असाल, तर तिथे काय फवारलं ते विचारायचं आणि ते लिहूनही ठेवायचं. सगळ्यात बरं घरचं बी. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या पश्चिम भागातल्या आयाबायांकडेही नाचणी, वरई, घेवडा, वाल यांचं बी गाडग्यात राखेत ठेवलेलं असतं. ते मोडीत काढू नका.

किडीच्या बाबतीत आधी रोज वावरातून फिरायचं आणि पानं उलटून पाहायची. टोमॅटोच्या कडेने आणि मधल्या ओळींत झेंडू लावला, तर फळ पोखरणारी अळी आणि सूत्रकृमी दोन्ही आवरायला मदत होते. कामगंध सापळे, पिवळे चिकट सापळे, ट्रायकोकार्ड यांना परवानगी आहे. घरच्या घरी करायचा तो निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी कापडातून गाळायची, थोडा साबणाचा चुरा घालायचा आणि शंभर लिटर पाणी करून संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला पडतात. तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या, तर वर्षभर पुरतात.

इथे सावध करतो. दुकानात बाटलीवर 'ऑरगॅनिक', 'बायो', 'हर्बल' लिहिलेलं असतं, म्हणून आत तसंच असेल असं नाही. कोणतीही बाटली फोडायच्या आधी तिचं लेबल गटात दाखवा, कृषी खात्याच्या माणसाला विचारा. बोर्डो मिश्रणासारख्या तांब्याच्या औषधांना मर्यादित परवानगी आहे, मनाला येईल तितकं वापरता येत नाही.

आणि शेजारचं वावर. आपण काही मारलं नाही, पण शेजारच्या द्राक्षबागेतलं किंवा टोमॅटोतलं औषध वाऱ्याने आपल्या मेथीवर आलं, तर? म्हणून बांधाच्या कडेने काही जागा सोडायची किंवा तिथे मका, ज्वारी, शेवरी अशी उंच पिकं लावायची. त्या कडेच्या पट्ट्यातला माल सेंद्रियमध्ये धरायचा नाही. शेजारच्या वावरातून वाहत येणारं पाणी चर काढून वळवायचं. त्याहून आपल्या हातातल्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे फवारणीचा पंप. ज्या पंपाने कालपर्यंत तणनाशक मारलं, त्याच पंपाने आज निंबोळी अर्क मारायचा नाही. गटात मिळून एक वेगळा पंप घ्या, त्यावर रंगाने खूण करा आणि तो कुणाला उसना देऊ नका. दुसरी म्हणजे गोणी. घरोघर युरियाच्या रिकाम्या गोण्यांत धान्य भरलेलं असतं. तपासणीला आलेला माणूस आधी तेच पाहतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

पहिली दोन-तीन वर्षं

जमीन एका हंगामात सेंद्रिय होत नाही. रूपांतराचा काळ हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवर्षी पिकांना तीन वर्षं धरतात. या काळात काम सगळं सेंद्रिय पद्धतीने करायचं, पण पूर्ण सेंद्रिय म्हणून माल विकता येत नाही. पहिल्या वर्षांत उतारा घटतो, विशेषतः ज्या जमिनीला वर्षानुवर्षं रासायनिक खताची सवय आहे तिथे. हे आम्ही लपवत नाही. सभेत नुसतं गोड सांगून नंतर बाईने घरी बोलणी खावीत, असं आम्हाला नको आहे.

म्हणून सगळ्या शेताचं उत्पन्न एकदम पणाला लावू नका. परसबागेपासून किंवा दहा-वीस गुंठ्यांपासून सुरुवात करा. पण हेही ऐका, की अर्धं शेत सेंद्रिय आणि अर्धं रासायनिक असं कायम चालवता येत नाही. नोंदणी झाली, की ठरावीक मुदतीत आपलं सगळं क्षेत्र सेंद्रियखाली आणावं लागतं. त्यामुळे आधी घरात बसून ठरवा आणि मग नोंदणी करा.

आपल्या दोन तालुक्यांत सगळीकडे परिस्थिती सारखी नाही. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, मंचर या बागायत पट्ट्यात टोमॅटो, कांदा, द्राक्ष आहे, खर्च मोठा आणि औषधंही जास्त. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा आहे. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला आणि आदिवासी पाड्यांवर भात, नाचणी, वरई, आणि रानातला हिरडा. तिकडच्या काही वरकस जमिनींनी रासायनिक खत फारसं पाहिलेलंही नाही. त्या बायांना आम्ही नेहमी सांगतो, तुम्ही निम्मी वाट आधीच चालून आला आहात, फक्त ती कुठे लिहिलेली नाही.

प्रमाणपत्राच्या दोन वाटा

पहिली वाट 'एनपीओपी', म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो २००१ साली सुरू झाला आणि केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाखालची 'अपेडा' ही संस्था तो पाहते. यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते. त्यासाठी फी पडते आणि कागदपत्रंही जास्त लागतात. परदेशी माल पाठवायचा असेल, तर ही वाट धरावी लागते.

दुसरी वाट 'पीजीएस इंडिया', म्हणजे सहभाग हमी पद्धत. ही केंद्राच्या कृषी मंत्रालयाची आहे आणि देशातल्या बाजारासाठी आहे. यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं पाहतो आणि एकमेकांची हमी घेतो. गटाने पाठवलेली माहिती प्रादेशिक परिषद तपासते आणि प्रमाणपत्र देते. ही कल्पना आपल्याकडेच निघाली असं नाही. ब्राझीलसारख्या देशांतल्या लहान शेतकऱ्यांनी अशा पद्धती आधीपासून चालवल्या आहेत, कारण मोठ्या संस्थेची फी त्यांनाही परवडत नव्हती.

रूपांतराच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि काळ पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असे दोन टप्पे आहेत. म्हणजे पहिल्या वर्षांतही आपल्या हातात अगदीच काही नसतं असं नाही.

हे काम आपल्याला येतं

आता मुद्द्याचं. पीजीएस पद्धत समजावून घ्यायला आम्ही पहिल्यांदा प्रशिक्षणाला बसलो, तेव्हा आमच्या शेजारी बसलेली एक काकू हळूच म्हणाली, "अगं, ही तर आपली पंचसूत्रीच की!"

खरंच तसं आहे. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पीजीएसमध्ये पैशाच्या जागी शेतीचा व्यवहार आला, एवढाच फरक. कसं ते पाहू.

पहिलं, गट. एकाच किंवा जवळपासच्या गावांतले किमान पाच शेतकरी लागतात. एकमेकांची शेतं आणि एकमेकांची घरं ओळखणारे हवेत.

दुसरं, प्रतिज्ञा. प्रत्येक सभासद नियम वाचून किंवा वाचून घेऊन, आपण ते पाळू अशी सही किंवा अंगठा देते. बचत गटात आपण नियमावलीवर करतो तसंच.

तिसरं, बैठक आणि प्रशिक्षण. बैठकीला हजेरी लागते आणि ती वहीत दिसली पाहिजे. सतत गैरहजर राहणाऱ्या सभासदाची हमी कोण घेणार?

चौथं, शेतांची पाहणी. निदान तिघी जणी मिळून दुसरीचं शेत पाहतात. त्यातल्या एकीला तरी चांगलं लिहिता-वाचता यावं. एक नियम फार शहाणपणाचा आहे: तू माझं पाहा, मी तुझं पाहते, अशी अदलाबदल चालत नाही. जिचं शेत तुम्ही पाहिलं, तिने तुमचं पाहायचं नाही. शक्य असेल तर दुसऱ्या गटातलं माणूसही पाहणीला बोलवावं.

पाचवं, निर्णय. पाहणीचे कागद गटाच्या बैठकीत वाचायचे, कोणाचं शेत नियमात बसतं आणि कोणाचं नाही ते ठरवायचं, आणि ती माहिती प्रादेशिक परिषदेकडे पाठवायची. परिषद काही नमुने तपासायला नेऊ शकते. सगळं नीट असेल तर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर गटाचा आणि सभासदाचा क्रमांक असतो. हे कायमचं नसतं, दर वर्षी नवं करावं लागतं.

यातलं एकही काम असं नाही, की जे आपण दहा-बारा वर्षं बचत गटात केलेलं नाही. बँकेने आपल्याला बिनतारण कर्ज दिलं ते कशावरून? आपली वही पाहून आणि आपण एकमेकींची हमी घेतली म्हणून. बाजारातल्या त्या बाईंना द्यायचं उत्तर तेच आहे.

शेताची वही

वही कशी ठेवायची? साधी दोनशे पानी वही पुरते. पहिल्या पानावर वावराचा नकाशा हाताने काढा: विहीर कुठे, बांध कुठे, चारी बाजूंना कोणाचं शेत आणि त्यात काय पीक. मग प्रत्येक तुकड्याला एक नाव किंवा क्रमांक द्या.

पुढे रोजचं लिहायचं. तारीख, कोणता तुकडा, काय केलं, काय घातलं, किती घातलं, ते कुठून आणलं. विकत आणलं असेल तर पावती तिथेच चिकटवायची. पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी, विक्री सगळं त्यात यायला हवं. काढलेला माल किती आणि विकलेला किती, याचा मेळ बसला पाहिजे. पाच गुंठ्यांत शंभर किलो मिरची निघाली आणि विक्री दोनशे किलोची दिसली, तर बाकीची शंभर कुठून आली, असा प्रश्न येणारच.

लिहिता येत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून लिहून घ्या. पण सांगायचं तुम्ही आणि त्याच दिवशी. आठवड्याचं एकदम आठवून लिहिलेली वही लगेच कळते: सगळं एकाच शाईत, एकाच हातात आणि एकही चूक नाही.

चूक झाली तर

आता एक प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही, पण ती ताई हा कार्यक्रम ऐकत असेल आणि तिच्या परवानगीनेच सांगतो.

कांद्याच्या लागणीनंतर खुरपणीला माणूस मिळेना. मजुरी परवडेना. ताई आजारी सासूला घेऊन मंचरला दवाखान्यात गेलेली असताना मालकांनी शेजाऱ्याचा पंप आणून कांद्यावर तणनाशक मारलं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी पीक वाचवलं. ताई परत आली तेव्हा गवत जळायला लागलेलं होतं.

पुढच्या बैठकीत ती स्वतःहून उभी राहिली आणि सगळं सांगितलं. खोलीत शांतता झाली. मग एक जण म्हणाली, "कोणी पाहिलंय? वहीत लिहू नका. दीड वर्ष झालंय तिचं." दुसरी म्हणाली, "आज तिचं झाकलं, उद्या माझं झाकाल. मग कागदाला किंमत काय?" दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणं झालं. ताई रडलीही.

शेवटी गटाने ठरवलं, की जे झालं ते तारखेसह वहीत लिहायचं. त्या तुकड्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची, त्यातला कांदा सेंद्रिय म्हणून विकायचा नाही, आणि ही गोष्ट प्रादेशिक परिषदेलाही कळवायची. बाकीच्यांच्या प्रमाणपत्राला त्यामुळे अडचण येईल अशी भीती होती. पण झाकून ठेवलं असतं आणि पुढे नमुन्यात सापडलं असतं, तर सगळ्या गटाचा शब्द गेला असता.

पण आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. चूक झाली ती खुरपणीला माणूस नव्हता म्हणून. तणनाशक बंद करायचं, तर ते काम कोणीतरी हाताने करणार, आणि खुरपं बाईच्याच हातात येणार. शेण वाहायचं, जीवामृत ढवळायचं, निंबोळ्या गोळा करायच्या, हेही तिच्याच वाट्याला. सेंद्रिय शेती म्हणजे बाईच्या पाठीवर आणखी एक ओझं, असं होणार असेल तर ती टिकणार नाही. आपल्या पश्चिम भागात भातखाचरं करायला सगळे मिळून 'पडकई' करतात, इकडे सावड आहे. तीच रीत आम्ही धरली. आठवड्यातून एक दिवस ठरवला, आळीपाळीने एकेकीच्या वावरात सगळ्यांनी खुरपायला जायचं. घरातल्या पुरुषांनी शेणखताच्या पाट्या आणि पाण्याची पिंपं उचलायची, हेही बैठकीत त्यांना बोलावून सांगितलं. सगळेच ऐकतात असं नाही. त्या ताईचे मालक मात्र आता स्वतः पिंप ढवळतात.

नाव कोणाचं?

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोंदणी होते ती जमिनीच्या गट नंबरावर आणि क्षेत्रावर. सातबारा बहुतेक घरांत मालकांच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर. म्हणजे वही लिहायची बाईने, बैठकीला जायचं बाईने, आणि कागदावर नाव दुसऱ्याचं.

केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून आहे. तिच्यात गटागटाने सेंद्रिय शेतीला मदत मिळते. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपयांची मदत धरलेली आहे, त्यातले १५,००० सेंद्रिय निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. आता शेतकरी कोण आणि खातं कोणाचं, ते सातबारा ठरवतो.

यावर एक उपाय आपल्याच शेजारून आलेला आहे. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून ज्यांनी शेतकरी संघटना उभी केली, त्या शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली: नवऱ्याने आपल्या हयातीतच बायकोचं नाव जमिनीला लावावं. त्यानंतर १९९२ साली शासनानेही तसं परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला, तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर येऊ शकतं. तलाठी कार्यालयात 'लक्ष्मीमुक्ती योजना' असं नाव घेऊन विचारा. घरात हा विषय काढणं सोपं नाही, ते आम्हाला ठाऊक आहे. पण सेंद्रियच्या नोंदणीच्या निमित्ताने सातबारा पेटीतून बाहेर निघतोच, तेव्हा बोलायला बरं पडतं. नाव लागेपर्यंत निदान प्रतिज्ञेच्या वेळी नवरा-बायको दोघांनी बसायचं, म्हणजे वावरात कोणी काय मारलं याची जबाबदारी दोघांची राहते.

भाव आणि बाजार

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे दुसऱ्या दिवशी दुप्पट भाव मिळतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोठ्या मार्केटात आपला टोमॅटो बाकीच्या क्रेटांबरोबरच लिलावाला लागतो, तिथे प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. त्याचा उपयोग होतो तो थेट ग्राहकाला विकताना: पुण्यातल्या सोसायट्या, आठवडी बाजार, जुन्नरला शिवनेरी आणि लेण्याद्रीला येणारे पर्यटक, शेतकरी उत्पादक कंपनी. तांदूळ, नाचणी, कडधान्य, हळद असा टिकणारा माल आधी निवडा. पालेभाजी संध्याकाळी सुकते, नाचणी थांबते.

पाकिटावर 'सेंद्रिय' छापायच्या आधीही चौकशी करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाबद्दलचे नियम २०१७ साली आले. एनपीओपी आणि पीजीएस या दोन्ही वाटा त्यात मान्य आहेत. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना काही सवलत ठेवली आहे, पण सेंद्रियची सरकारी चिन्हं प्रमाणपत्र नसताना लावता येत नाहीत.

उद्यापासून काय करायचं?

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचं काम झालं, की अर्धा तास यासाठी ठेवा. कोणाकोणाला करायचं आहे ते विचारा. पाच जणी तयार झाल्या तरी पुरे. गावच्या कृषी सहायकाला, तालुका कृषी कार्यालयातल्या 'आत्मा'च्या माणसाला किंवा 'उमेद'च्या कृषी सखीला बोलवा आणि पीजीएसची नोंदणी सध्या कोणत्या प्रादेशिक परिषदेमार्फत होते ते विचारून घ्या. आणि त्यासाठी थांबून न राहता, वही मात्र उद्याच आणा. नोंदणी नंतर झाली तरी चालेल, आज काय केलं ते आजच लिहिलेलं असलं पाहिजे.

बाजारातल्या आमच्या त्या ताईने वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिने वावराचा नकाशा काढलाय. विहीर जरा वाकडी आली आहे, पण चारी शेजारी बरोबर लिहिलेत. आता ती बाजाराला जाताना वही पिशवीतून बरोबर नेते. कोणी 'कशावरून' म्हणालं, तर म्हणते, "बसा, दाखवते."

तुमच्या गटात काय घडतंय, काय अडतंय, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा गांडूळ खताचा वाफा कसा भरायचा ते सविस्तर बोलू. तोवर निंबोळ्या गोळा करून ठेवा. राम राम.